शंकरपाळ्याचा शाप

एका राज्यात एका शंकरपाळ्यापायी केवढा अनर्थ झाला, त्याची ही गोष्ट. हा शंकरपाळा खायचा नव्हता, दगडाचा होता, आणि खरे सांगायचे तर तो शंकरपाळाही नव्हता. पण ते पुढे येईलच. ऐकणाऱ्यांनी मांडीखाली दबलेले पाय आत्ताच मोकळे करून घ्यावेत, कारण मध्ये मी थांबणार नाही.

त्या राज्याचा राजा धरणीधर. मनाने चांगला, पण कानाने हलका. त्याने नवा दरबार बांधला आणि फरशी घालायचे काम राजपाथरवट कर्कटकाला दिले. कर्कटक मांत्रिकही होता. तो नखाने दगडावर रेघ ओढी आणि दगड त्या रेघेवर दुभंगे. तो रागावला की त्याची सावली उठून दुसऱ्या भिंतीवर जाऊन बसे. राज्यात याचे कुणाला नवल वाटत नसे.

राजा म्हणाला होता, "फरशी चौरसांची हवी." कर्कटकाने सहा महिने खपून फरशी घातली. पहिल्या दिवशी राजा सिंहासनावर बसला, त्याच्या उजव्या हाताला राजगुरू सूत्रशास्त्री उभे राहिले, आणि त्यांनी फरशीकडे पाहून नाक मुरडले.

"महाराज, हे चौरस नव्हेत. हे शंकरपाळे आहेत."

आता त्या राज्याची एक रीत सांगतो. राजशाळेतले प्रत्येक पोर सकाळी डोळे मिटून घोकत असे, 'तळ सपाट तो चौरस, टोकावर तो शंकरपाळा.' राजाने लहानपणी हेच घोकले होते, त्याच्या बापानेही हेच. आणि सिंहासनावरून पाहिले तर फरशीचा प्रत्येक दगड खरोखरच टोकावर उभा दिसत होता.

कर्कटक म्हणाला, "महाराज, खाली यावं. हात लावून बघावं."

राजा उठणारच होता. तेवढ्यात शास्त्री म्हणाले, "राजाने फरशी चाचपायची?" दरबार हसला. दरबार हसला म्हणून राजाही हसला. कर्कटकाच्या डोक्यावर ठेवायचे मानाचे पागोटे तबकातून आले होते, तसेच तबकातून परत गेले. माझ्या मते सगळा घात त्या हसण्याने केला.

कर्कटकाची सावली समोरच्या भिंतीवर जाऊन बसली. त्याने फरशीच्या मधोमधचा दगड एका बोटाने उचलला आणि काखेत मारला.

"माझ्या कामाला तुम्ही हसलात. आता जे कुणी पुढचं हसत इथे पाऊल टाकील, ते या फरशीतलं चित्र होईल. हा दगड जागेवर बसेल आणि राजा स्वतःच्या तोंडाने त्याचं खरं नाव घेईल, तेव्हाच ते सुटेल. चुकीचा दगड बसवाल किंवा दगड बसवून चुकीचं नाव घ्याल, तर दर वेळी चित्राचा एक रंग जाईल. शेवटचा रंग गेला की चित्रही गेलं."

एवढे बोलून तो भिंतीतून निघून गेला.

आणि नेमका त्याच क्षणी, कोपऱ्यातल्या मुदपाकखान्याच्या दारातून, चेंडूच्या मागे खिदळत धावत आली राजकन्या शलाका. सहा वर्षांची. चेंडू त्या खड्ड्याशी थांबला. शलाकाने पाऊल टाकले, हात पुढे केला, आणि तशीच फरशीवर चित्र होऊन राहिली.

राजा धावला. राणीला शुद्ध राहिली नाही. शास्त्र्यांनी मात्र धीर दिला. "शंकरपाळ्याचा दगड करून आणू." खड्ड्यापाशी वाकून माप घेणे त्यांना शोभणारे नव्हते, तेव्हा त्यांनी सिंहासनाशेजारूनच डोळा बारीक करून अंदाज बांधला आणि लांबट, निमुळता शंकरपाळा घडवून आणला. तो बसला नाही. चित्रातल्या परकराचा जांभळा रंग उडाला. मग आणखी लांबट केला. चोळीचा पिवळा उडाला. पाच दगड झाले, पाच रंग गेले. उरल्या फक्त दोन बांगड्या, डाव्या हातातली हिरवी आणि उजव्या हातातली लाल. तेव्हा राजाने शास्त्र्यांना थांबवले आणि राज्यात दवंडी पिटली, 'कर्कटकाचा शंकरपाळा जो आणील, तो मागेल ते त्याला देऊ.'

दवंडी फिरत फिरत राजवाड्याच्या मागच्या बाजूला आली. तिथे मुदपाकखान्याच्या अंगणापलीकडे एक बकुळीचे झाड होते, आणि झाडाखाली तुळजाबाईंची शाळा. तुळजाबाई सुताराची लेक. बापाच्या कारखान्यात उरलेल्या फळ्यांचे त्यांनी शेकडो तुकडे करून घेतले होते, तिकोनी, चौकोनी, सहा बाजूंचे, कललेले. त्यांच्या होड्या करायच्या, घरे करायची, चोची वासलेले पक्षी करायचे. बाईंच्या शाळेत घोकणे नव्हते. आधी हाताने करायचे, मग तोंडाने सांगायचे, एवढा एकच नियम. राजशाळेतून दिवसभर घोष ऐकू येई. इथे लाकडावर लाकूड वाजल्याचा आवाज येई, आणि मधूनच कुणाला तरी जमले म्हणून एकच गलका होई.

शास्त्र्यांच्या तासाला शलाका रडायची. म्हणून राणीच्या मूक संमतीने ती रोज मुदपाकखान्याच्या दारातून या शाळेत येत असे. तिची जागा ठकूच्या शेजारी. ठकू माळ्याची मुलगी, डावखुरी. तिची एक खोड होती. काहीही हातात आले की ती ते फिरवून बघायची. भाकरी फिरवायची, पाटी फिरवायची, आणि वस्तू फिरण्यासारखी नसली तर स्वतःच तिच्याभोवती फिरायची. घरी याबद्दल ओरडा बसे. तुळजाबाईंनी तिला कधी अडवले नाही.

पंधरा दिवस चटईवरची ती जागा रिकामी होती. ठकू तिथे कुणाला बसू देत नव्हती.

दवंडीवाल्याच्या हातात तबक होते, तबकात विडा. त्या राज्यात कठीण कामाचा पण घ्यायचा तर असा विडा उचलावा लागे. मोठमोठे लोक तबकाकडे पाहत आणि वाट बदलत.

ठकू म्हणाली, "बाई, शलाकाच्या दोनच बांगड्या उरल्यात. आपण जाऊ या."

"आपण म्हणजे कोण?"

"सगळे."

तुळजाबाईंनी एकेका पोराकडे पाहिले. अकरा पोरे. सगळ्यात मोठे आठ वर्षांचे. भीती त्यांनाही वाटली, खोटे कशाला सांगू. पण ठकूने तेवढ्यात विडा उचललासुद्धा, आणि तोही डाव्या हाताने.

बकुळीच्या खोडावर एक सुतारपक्षी टकटक करत होता. तो थांबला आणि म्हणाला, "मी कर्कटकाचा निरोप्या. वाट मी दाखवतो. तीन कामं आहेत. एक जरी चुकलं तर मागे फिरायचं, आणि पुन्हा यायचं नाही."

"चला," तुळजाबाई म्हणाल्या आणि तुकड्यांची पिशवी खांद्याला लावली.

तर अशी ती वरात निघाली. पुढे पक्षी, त्यामागे बाई, मागे एकमेकांचे सदरे धरून अकरा पोरे. दुपारपर्यंत ती काळ्या कातळाच्या डोंगराशी पोहोचली. कातळात एक दार होते. दाराला कडी नाही, कुलूप नाही. अंगावर तीन खोबण्या कोरलेल्या, एक चौरस, एक मोठा त्रिकोण आणि एक कललेला चौकोन, वाऱ्याने एका अंगाला झुकवल्यासारखा. खाली दगडाचे दोन त्रिकोण पडले होते, अगदी सारखे.

पक्षी म्हणाला, "दोनच तुकडे. दर वेळी दोन्ही वापरायचे. तिन्ही खोबण्या एकामागून एक भरायच्या."

दारासमोर आधी आलेले चार पंडित बसले होते. दोन तुकड्यांच्या तीन आकृती होणे शास्त्राला धरून आहे की नाही, यावर त्यांचा वाद चालू होता. वाद इतके दिवस चालला होता की त्यांच्या दाढ्या जमिनीत रुजल्या होत्या. तुकड्यांना त्यांनी अजून हात लावलेला नव्हता.

पोरांनी विचारायचीही वाट पाहिली नाही. चौघांनी एक त्रिकोण धरला, चौघांनी दुसरा. लांब कडेला लांब कड लावली, चौरस झाला. खोबणीत बसवला, दार एकदा कुरकुरले. मग आखूड कडेला आखूड कड लावून दोन्ही त्रिकोण पाठीला पाठ लावून बसवले, मोठा त्रिकोण झाला. दार दुसऱ्यांदा कुरकुरले. तिसरी आकृती काही केल्या होईना. कुंभाराचा भिवा रडकुंडीला आला.

"आता तर सगळ्या कडा लावून झाल्या," तो म्हणाला.

"लावल्या, पण फिरवून नाही लावल्या," ठकू म्हणाली. तिने एका त्रिकोणाचे टोक खाली केले, दुसऱ्याचे वरच ठेवले, आणि आखूड कडा जुळवल्या. कललेला चौकोन तयार. पोरांनी असा गलका केला की पंडितांच्या दाढ्या मुळासकट उपटून आल्या. दार उघडले.

आत एक खोल आवार होते, नुसत्या मातीचे. माती हलत होती. खाली साप होते, शेकडो. भिंतीशी फरशांचे तीन ढीग होते, गोल फरशा, पाच बाजूंच्या फरशा आणि सहा बाजूंच्या फरशा.

"एकच जात निवडायची," पक्षी म्हणाला. "आवार पूर्ण झाकायचं. फट राहिली तर साप वर येतील. ऊन समोरच्या भिंतीला लागेपर्यंत वेळ आहे."

पोरे ढिगांकडे धावणार, तेवढ्यात तुळजाबाई म्हणाल्या, "आधी लहान करून बघा." शाळेतही त्या हेच सांगत. पिशवीत सहा बाजूंचे तुकडे होते, पण गोल आणि पाच बाजूंचे नव्हते. भिवाचे डोळे चमकले. त्याने उंबऱ्याजवळची ओली माती घेतली आणि बोटाएवढ्या चकत्या थापल्या, कडा नखाने कापल्या. कुंभाराचेच पोर ते. तीन गोल शेजारी ठेवले, मध्ये फट राहिली. तव्यावर तीन भाकऱ्या टाकल्या की राहते तशी. पाच बाजूंचे तीन तुकडे एका टोकाशी आणले. हे छान बसतात असे वाटले, आणि मग दिसली एक चिंचोळी फट. चौथा तुकडा तिथे शिरेना. त्या इवल्या फटीतून खालच्या मातीतून खरोखरच एका सापाची जीभ वर आली. सगुणा नावाची पोर शेजारीच होती, ती किंचाळली नाही. तिने जिभेवर चप्पल ठेवली आणि म्हणाली, "आता सहावाले लावा."

सहा बाजूंचे तीन तुकडे एका टोकाशी आले आणि मिटले. कुठे केसही जाणार नाही.

मग काय विचारता. पोरे फरशा ओढू लागली, ढकलू लागली, बसवू लागली. आवाराच्या भिंतीही फरशांच्या कडा नेमक्या टेकतील अशाच वळत गेल्या होत्या. खालून साप डोकी आपटत होते, वरून पोरे मोजत होती, चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस. ऊन भिंतीकडे सरकत होते. शेवटची फरशी बसेना, कारण खालून एक धिप्पाड नाग ती उचलत होता. तेव्हा अकराच्या अकरा पोरे तिच्यावर जाऊन बसली. फरशी बसली. ऊन भिंतीला लागले. खालची धडधड थांबली, आणि वर पोरांचा गलका चालू झाला, सगळी हसत होती.

आवारापलीकडे एका गुहेत कर्कटक बसला होता. त्याची सावली अजून त्याच्याकडे पाठ करून होती. समोर तीन दगड होते. दोन लांबट, निमुळते, पाचूसारखे झळकणारे. तिसरा काळा, साधा, चारी बाजू सारख्या, सपाट तळावर ठेवलेला.

"यातला माझा कोणता?" कर्कटकाने विचारले. "एकदाच सांगायचं."

आता इथे खरी पंचाईत होती. पोरांपैकी दरबारात कुणीच गेले नव्हते. खड्डा कुणी पाहिला नव्हता. राजाची दवंडी सांगत होती, शंकरपाळा. शास्त्री सांगत होते, शंकरपाळा. आणि चुकीचा दगड नेला तर शलाकाच्या दोनपैकी एक बांगडी जाणार.

भिवा म्हणाला, "राजा सांगतो ते खरं असणार."

ठकूला एक जुनी दुपार आठवत होती. चटईवर बसून शलाका चौरस तुकडे ओळीने मांडत होती आणि म्हणाली होती, 'आमच्या दरबाराची फरशी अश्शीच करतायत. मी मागच्या दारातून येते ना, तेव्हा मला दिसते.'

"शलाका मला चौरस म्हणाली होती," ठकू म्हणाली. "ती खोटं बोलत नाही." आणि तिने काळ्या दगडावर हात ठेवला.

कर्कटकाची सावली हळूच उठली, गुहेच्या भिंतीवरून उतरली आणि त्याच्या पायाशी येऊन बसली.

"मीही चौरसच घातला होता," तो म्हणाला. "मुलीचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. पण शाप तोंडातून सुटला की तो माझा राहत नाही. न्या दगड. ज्याला त्याचं नाव ठाऊक आहे, त्याच्या हातात तो हलका होईल."

ठकूने दगड उचलला. पापडाएवढा हलका.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबार भरला. पोरांना मोठ्या दरवाजातून, सिंहासनाच्या बाजूने आत आणले. ठकूने खाली पाहिले आणि दगड छातीशी घट्ट धरला. फरशीचे सगळे दगड टोकावर उभे होते. तिच्या पायाशी शलाकाचे रंग उडालेले चित्र होते, पुढे केलेला हात, त्यात हिरवी बांगडी.

"द्या इकडे," सूत्रशास्त्री म्हणाले आणि दगड घेतला. तो त्यांच्या हातात इतका जड झाला की दगडासह शास्त्री खाली बसले. फरशीला हात लावायची त्यांची ही पहिलीच वेळ.

ठकूने दगड उचलला. खड्ड्यावर धरला. टोक अडले. तिने तो थोडा फिरवला, आणि दगड आपल्या घरी गेल्यासारखा आत उतरला. दरबारात एकच गडबड उडाली. राणी उठून उभी राहिली. राजाच्या डोळ्यांत पाणी आले आणि तो गहिवरून म्हणाला, "बसला. शंकरपाळा बसला."

हिरव्या बांगडीचा रंग उडाला.

चित्रात आता एकच रंग होता, उजव्या हातातली लाल बांगडी. राजाने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. त्याला दगडाचे दुसरे नाव ठाऊकच नव्हते. तो घाबरलेल्या डोळ्यांनी शास्त्र्यांकडे पाहू लागला. शास्त्री जमिनीकडे पाहत होते.

तुळजाबाई पुढे झाल्या. "महाराज, नाव मी सांगू शकते. पण ऐकलेलं नाव तुम्ही याआधीही घेत आलात. या वेळी बघून घ्या."

"काय बघू? माझ्या डोळ्यांना शंकरपाळाच दिसतो."

हे चालू असताना ठकू काय करत होती? फरशी फिरण्यासारखी नव्हती, म्हणून ती स्वतःच फिरत होती. कडेकडेने चालत ती मुदपाकखान्याच्या दारापाशी पोहोचली, वळली, आणि तिथेच उड्या मारू लागली.

"महाराज, इकडून या. शलाका इकडून यायची."

राजा सिंहासनावरून उतरला. राजाने मुदपाकखान्याच्या दाराकडे जावे हे त्या राज्यात कधी घडले नव्हते, पण या वेळी कुणी हसले नाही. दरबार ओलांडून तो कोपऱ्यात गेला. दार बुटके होते. राजा वाकून उंबऱ्यावर उभा राहिला, ठकूशेजारी, आणि मागे वळला.

समोर फरशी पसरली होती. ओळीमागून ओळ, सगळे दगड सपाट तळावर, नीट बसलेले. पाथरवट, पाणके, स्वयंपाकी रोज याच दारातून येत. कर्कटकही इथूनच आला होता आणि इथूनच त्याने पहिली ओळ धरली होती. एकही दगड हलला नव्हता, तरी एकही टोकावर नव्हता.

राजाने पुन्हा सिंहासनाकडे पाहिले, पुन्हा फरशीकडे. मग तो मधल्या दगडापाशी गेला, खाली बसला, आणि वितीने चारी बाजू मोजल्या. सारख्या. तुळजाबाईंनी रुमालाची दोनदा घडी घालून त्याच्या हातात दिली. राजाने घडीचा कोपरा दगडाच्या एकेका कोपऱ्याशी लावून पाहिला. चारी वेळा बरोबर बसला.

"चौरस," राजा म्हणाला. "पहिल्यापासून चौरस. आम्ही तेवढे वाकडे बसलो होतो. कर्कटका, चूक माझी."

आधी हिरवी बांगडी हिरवी झाली. मग केस काळे झाले, चोळी पिवळी झाली, परकराचा जांभळा रंग घोळापर्यंत सळसळत गेला. पुढे केलेला हात फरशीतून वर आला, आणि हातामागून शलाका. तिने इकडेतिकडे पाहिले.

"माझा चेंडू कुठाय?" ती म्हणाली.

राणीने तिला उचलून घेतले आणि बराच वेळ खाली ठेवले नाही. ठकूला मैत्रिणीच्या फक्त पायाला हात लावता आला, तोच तिने घट्ट धरून ठेवला.

सुतारपक्षी कर्कटकाला घेऊन आला. मानाचे पागोटे राजाने स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर ठेवले. तुळजाबाईंना काय हवे ते मागायला सांगितले, तेव्हा त्यांनी मुदपाकखान्याचे दार दिवसभर उघडे मागितले, म्हणजे राजवाड्यातल्या कुठल्याही पोराला बकुळीखाली येता येईल. ते मिळाले. त्या दारातून दुसऱ्या दिवशी पहिले आले सूत्रशास्त्री. राजाची आज्ञाच होती, तीन महिने चटईवर बसायचे. भिवाने त्यांना मोठ्या मनाने आपले त्रिकोण दिले. तिसऱ्या दिवशी त्यांची होडी झाली, आणि म्हणतात की शास्त्री इतके आनंदले की त्यांनी ती घरी दाखवायला नेली.

शलाका सुटली त्या रात्री मेजवानीला शंकरपाळे होते, ते मात्र खायचे. शलाकाने एक ठकूला दिला. ठकूने तो ताटात ठेवला, एकदा फिरवला, मान कलती केली, पुन्हा फिरवला.

"हा?" शलाकाने विचारले.

"हा खराच शंकरपाळा," ठकू म्हणाली, आणि तोंडात टाकला.

चार बाजू जुळल्या, चार कोपरे मिळाले, शलाका तिच्या चटईवर बसली, आणि ही गोष्ट तिच्या जागी.